प्रश्न वाचकांचे : तांबड्या पेशींतील एक विकर

गेल्या अंकात या सदरात नवजात बाळाच्या टाचेतून घेतल्या जाणाऱ्या रक्ताच्या तपासणीविषयी एक लहानसे उत्तर दिले होते आणि त्यात जी६पीडी या विकराचा (एन्झाइमचा) ओझरता उल्लेख होता. त्या एका उल्लेखावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर सबंध त्याच विषयाला देणे भाग पडले. पत्रे संक्षिप्त केली आहेत. नावे आणि खासगी तपशील गाळले आहेत.

प्रश्न : आमचा नातू तीन आठवड्यांचा आहे. त्याच्या तपासणीत ‘जी६पीडी डेफिशियंट’ असा शेरा आला. बालरोगतज्ज्ञांनी टाळायच्या औषधांची यादी दिली आणि काळजीचे कारण नाही असे सांगितले. पण घरातले सगळे धास्तावले आहेत. विकराच्या नावात ग्लुकोज आहे आणि सूनबाईंच्या माहेरी मधुमेह आहे. हा साखरेचाच आजार समजायचा का? — एक आजोबा, कल्याण

उत्तर : हा मधुमेह नव्हे आणि मधुमेहाचे पूर्वचिन्हही नव्हे. या कमतरतेमुळे रक्तातील साखर वाढत नाही किंवा घटत नाही, त्यामुळे पुढे नातवाचे गोडधोड बंद करण्याचेही काही कारण नाही.

ग्लुकोज-६-फॉस्फेट डीहायड्रोजनेज, म्हणजेच जी६पीडी, हे विकर शरीराच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असते. पेशीत शिरलेल्या ग्लुकोजला आधी एक फॉस्फेट जोडला जातो आणि तेथून त्याला दोन वाटा फुटतात. मोठी वाट ऊर्जा मिळवण्याची आहे आणि तांबड्या पेशीतले बहुतेक ग्लुकोज तिनेच जाते. दुसऱ्या वाटेला एरवी जेमतेम दहावा हिस्सा वळतो, आणि तिची पहिली पायरी जी६पीडीच्या ताब्यात असते. या पायरीवर एनएडीपीएच नावाचा रेणू तयार होतो. त्याच्या बळावर ग्लुटाथायोन हे द्रव्य पुन्हा पुन्हा ताजेतवाने होत राहते आणि पेशीत निर्माण होणारी पेरॉक्साइडसारखी जळजळीत रसायने निष्प्रभ करते.

इतर पेशींना एनएडीपीएच मिळवण्याचे आणखीही मार्ग असतात. तांबड्या पेशीत मात्र तंतुकणिका (मायटोकाँड्रिया) नसतात, त्यामुळे तिच्या घरात जी६पीडी हा एकटाच कमावता आहे. शिवाय तिला केंद्रकही नसल्याने नवे विकर घडवता येत नाही; जन्मताना जेवढे मिळाले तेवढ्यावर तिला सुमारे १२० दिवसांचे आयुष्य काढायचे असते. सर्वसाधारण माणसात या विकराची क्रियाशीलता निम्मी व्हायला सुमारे दोन महिने लागतात. आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एका सदोष प्रकारात ती तेरा दिवसांत निम्मी होते, तर भूमध्यसागरी प्रकारात, जो आपल्याकडेही पुष्कळ आढळतो, अवघ्या काही तासांत.

एवढे असूनही अशा पेशी रोजचे काम बिनबोभाट करतात. अडचण येते ती एखाद्या औषधाने, रसायनाने किंवा जंतुसंसर्गाने ऑक्सिडीकारक द्रव्यांचा अचानक मारा झाला की. मग हिमोग्लोबिनच बिघडते, त्याच्या गुठळ्या पेशीच्या आवरणाला आतून चिकटतात, पानथरी त्या गुठळ्या उपटून काढू पाहते आणि त्या झटापटीत पेशी फुटतात. माणूस फिका पडतो, डोळे पिवळे होतात, धाप लागते, कंबर किंवा पोट दुखते आणि लघवी दूध न घातलेल्या चहाच्या रंगाची होते. जगात ही कमतरता असलेली माणसे ४० कोटींच्या आसपास मानली जातात आणि त्यांतील बहुसंख्यांना असा प्रसंग जन्मभरात एकदाही अनुभवावा लागत नाही. कोणत्याही निमित्तावाचून सतत पेशी फुटत राहण्याचा प्रकार आहे, पण तो विरळा.

नातवाच्या बाबतीत सर्वांत नाजूक काळ, म्हणजे जन्मानंतरचा पहिला आठवडा, उलटून गेला आहे. त्या आठवड्यात अशा बाळांची कावीळ झपाट्याने वाढू शकते आणि बिलिरुबिन हे कावीळ आणणारे पिवळे द्रव्य मेंदूपर्यंत पोहोचले तर कायमचे अपंगत्व येते. म्हणून या बाळांना प्रकाशोपचार लवकर सुरू करतात आणि क्वचित रक्त बदलावे लागते. घरातली वडीलधारी मंडळी पिवळ्या बाळाला कोवळ्या उन्हात धरायला सांगतात. या बाळांच्या बाबतीत त्यावर विसंबून दवाखाना लांबवणे धोक्याचे आहे, आणि आपल्या नातवाला पिवळेपणा पुन्हा दिसला तर आजही त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. नेहमीचे लसीकरण वेळापत्रकाप्रमाणे होऊ द्यावे.

प्रश्न : माझ्या चार वर्षांच्या मुलाला ही कमतरता आहे. नातेवाइकांनी मोबाइलवर पाठवलेल्या यादीत सर्व कडधान्ये, सोयाबीन, शेंगदाणे आणि वाल निषिद्ध म्हटले आहेत. आम्ही घरात वालाचे बिरडे करणेच सोडले. मुलाला नक्की काय द्यायचे नाही? — एक आई, पुणे

उत्तर : बिरडे खुशाल करावे. अशा याद्या एका खऱ्या गोष्टीवर रचलेल्या असतात आणि पुढे हातोहाती फुगत जातात.

ती खरी गोष्ट म्हणजे बाकला. भूमध्यसागराच्या काठच्या देशांत शतकानुशतके खाल्ली जाणारी ही रुंद, चपट्या दाण्यांची शेंग उत्तर भारतात भाजी म्हणून मिळते; महाराष्ट्रात तिचे प्रस्थ नाही. तिच्यातील व्हिसिन आणि कॉन्व्हिसिन या द्रव्यांपासून पोटात डिव्हिसिन आणि आयसोयुरॅमिल तयार होतात, आणि ही दोन्ही ग्लुटाथायोनचा साठा भराभर संपवतात. बाकला खाल्ल्यानंतर एक-दोन दिवसांत मूल पांढरेफटक पडल्याच्या आणि रक्त चढवण्याची पाळी आल्याच्या नोंदी विपुल आहेत. आईने बाकला खाल्ल्यावर अंगावर पिणाऱ्या बाळाला त्रास झाल्याचेही नोंदलेले आहे.

आपला वाल आणि पावटा ही वेगळ्या वंशाची वनस्पती आहे. घेवडा, राजमा, चवळी, मूग, मटकी, हरभरा यांचेही बाकल्याशी वनस्पतिशास्त्रीय नाते असलेच तर दूरचे, आणि यांपैकी कशातही ती द्रव्ये त्रासदायक प्रमाणात नसतात. इंग्रजी यादीतील बाकल्याचे नाव मराठीत आणताना कोणी तरी ‘वाल’ करून टाकले असावे असा माझा तर्क आहे. वाढत्या वयाच्या मुलाच्या ताटातून उसळी काढून घेणे हे या कमतरतेपेक्षा मोठे नुकसान आहे. सावधगिरी हवी ती तळलेल्या खाऱ्या दाण्यांच्या पाकिटांबाबत. त्यांवरील घटक वाचावेत. आखाती देशांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी ‘फूल’ हा न्याहारीचा पदार्थ आणि इजिप्ती पद्धतीचे फलाफल टाळावे, कारण दोन्ही बाकल्याचेच असतात.

घरातला खरा धोका स्वयंपाकघरात नसून कपाटात आहे. डांबरगोळ्यांमधील नॅफ्थलीन हे या मुलांसाठी विषारी आहे. ट्रंकेत वर्षभर ठेवलेली लोकरी टोपडी, दुपटी आणि गोधड्या बाळंतिणीच्या खोलीत काढल्या जातात आणि त्यांत गुंडाळलेले बाळ दोन दिवसांनी पिवळे पडते, असे प्रसंग घडलेले आहेत; ग्रीसमधील डॉक्टरांनी १९६३ साली नुसत्या वासावाटे नॅफ्थलीन आत जाऊन नवजात बाळांच्या तांबड्या पेशी फुटल्याचे सविस्तर लिहिले होते. नॅफ्थलीन तेलात विरघळते, म्हणून तेलाने माखलेल्या अंगातून ते अधिक सहज शिरते. जिथे बाळाला रोज तेल लावून न्हाऊ घालतात त्या घरांनी हे विशेष ध्यानात घ्यावे. ज्या घरात अशी कमतरता असलेले मूल आहे तिथे या गोळ्या नकोतच, आणि जुने कपडे धुऊन, अनेक दिवस वाऱ्यावर टाकून वास पुरता गेल्यावरच वापरावेत. चार वर्षांचे मूल गोळी तोंडातही घालू शकते, तो धोका वेगळा.

तान्ह्या बाळाच्या तळहातांना आणि तळपायांना मेंदी लावण्याचा प्रघात काही घरांत आहे. मेंदीतील लॉसोन हे रंगद्रव्य नॅफ्थलीनच्याच रासायनिक कुळातले असून त्यामुळे गंभीर पेशीनाश झाल्याच्या नोंदी प्रामुख्याने अरब देशांतून आल्या आहेत. मोठ्या माणसांना सहसा काही होत नाही, परंतु अशा बाळाला मेंदी लावू नये.

औषधांची यादीही फुगवलेली असते. निश्चितपणे टाळायची नावे थोडी आहेत : हिवतापाची प्रायमाक्विन आणि टॅफेनोक्विन, कुष्ठरोगाच्या बहुविध उपचारातील डॅप्सोन, रक्ताच्या कर्करोगात युरिक आम्ल उतरवण्यासाठी दिले जाणारे रासब्युरिकेज, मेथिलीन ब्लू, आणि मूत्रमार्गाच्या तक्रारींसाठी वापरली जाणारी नायट्रोफ्युरँटॉइन व फिनॅझोपायरिडिन. शिरेतून मोठ्या मात्रेने दिले जाणारे ‘क’ जीवनसत्त्वही यात धरावे; लिंबू आणि आवळा नव्हे. तापासाठी नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल चालते, आणि ताप अंगावर काढणे चालत नाही, कारण पेशी फुटण्याचे सर्वांत नेहमीचे निमित्त जंतुसंसर्ग हेच असते. निदानाची चिठ्ठी मुलाच्या फाइलच्या पहिल्या पानावर लावून ठेवावी आणि नव्या डॉक्टरांना ती औषध लिहिण्याआधी दाखवावी.

प्रश्न : मी गडचिरोली जिल्ह्यात हिवतापाच्या रुग्णांना गोळ्या पोहोचवण्याचे काम करतो. व्हायव्हॅक्स हिवतापात चौदा दिवस प्रायमाक्विन देतो. आमच्या उपकेंद्रात या विकराची तपासणी होत नाही. भीतीपोटी गोळीच देऊ नये असे काही जण म्हणतात. आपले मत काय? — एक आरोग्य कर्मचारी

उत्तर : आपण विचारलेला प्रश्न या विकराच्या इतिहासाच्या अगदी उगमाशी जातो, म्हणून थोडे मागून सांगतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात कैद्यांवर हिवतापाच्या औषधांचे प्रयोग सुरू झाले आणि युद्धानंतरही चालू राहिले. तुरुंगातल्या माणसाची संमती कितपत खरी मानायची, हा आक्षेप आज कोणीही घेईल. न्यूरेंबर्गच्या खटल्यात नाझी डॉक्टरांच्या बचावपक्षाने याच प्रयोगांकडे बोट दाखवले होते. तेथे असे दिसले की प्रायमाक्विनची जी मात्रा बहुतेकांना पचते, तिनेच काही कृष्णवर्णीय कैद्यांच्या तांबड्या पेशी फुटतात. दोष औषध पचवणाऱ्या शरीरात आहे की पेशीत, हे ठरवण्यासाठी आल्व्हिंग, डर्न आणि बॉयटलर यांनी अशा माणसाच्या पेशींना किरणोत्सारी क्रोमियमची खूण करून त्या निरोगी माणसाला दिल्या आणि मग त्याला प्रायमाक्विन दिले. खूण केलेल्या पेशी तेवढ्या फुटल्या, त्याच्या स्वतःच्या शाबूत राहिल्या. दोष पेशीतच होता. १९५६ साली कार्सन आणि सहकाऱ्यांनी त्याचे नाव सांगितले : जी६पीडीची कमतरता.

याच प्रयोगांतून कळलेली दुसरी गोष्ट आपल्या कामाला थेट उपयोगी आहे. फुटतात त्या वय झालेल्या पेशी, कारण त्यांच्यातले विकर संपत आलेले असते. नव्या पेशी तग धरतात. म्हणूनच सौम्य प्रकारात गोळी चालू असूनही काही दिवसांनी पेशीनाश ओसरतो. भूमध्यसागरी प्रकारात मात्र तरुण पेशींतही विकर नावालाच असते आणि गोळी थांबवल्याशिवाय नाश थांबत नाही. भारतात हे दोन्ही स्वभावांचे प्रकार आहेत. आदिवासी समाजांत ‘ओरिसा’ नावाचा तुलनेने सौम्य प्रकार अधिक आढळतो, पण समोरच्या माणसात कोणता आहे ते चेहऱ्यावरून कळत नाही.

गोळीच देऊ नये, हे मत मला मान्य नाही. व्हायव्हॅक्सचे परोपजीवी यकृतात सुप्तावस्थेत दडून राहतात; क्लोरोक्विन रक्तातल्या परोपजीवींना मारते, यकृतातल्यांना हात लावत नाही. प्रायमाक्विन टाळले तर तोच माणूस काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा तापाने आडवा होतो, आणि दर खेपेस हिमोग्लोबिन उतरते ते वेगळेच. तेव्हा किलोमागे ०.२५ मिलिग्रॅमची चौदा दिवसांची मात्रा, डोळे उघडे ठेवून द्यावी. तान्ही बाळे आणि गर्भवती यांना ती द्यायचीच नाही. इतरांना आधी विचारावे : पूर्वी कोणत्या गोळीनंतर लघवी काळपट झाली होती का, जन्मल्यावर कावीळ होऊन रक्त बदलावे लागले होते का, आईकडच्या पुरुषांत असे काही घडले आहे का. यांपैकी कशाचेही उत्तर होकारार्थी आले, तर गोळी देण्याआधी रुग्णाला तपासणीसाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे पाठवावे. गोळ्या सुरू केल्यावर पहिला आठवडाभर रुग्णाची रोज भेट घ्यावी आणि लघवीचा रंग नुसता विचारण्याऐवजी प्रत्यक्ष पाहावा. ती गडद दिसली, डोळे पिवळे झाले किंवा चालताना दम लागू लागला तर गोळी तिथल्या तिथे बंद करून रुग्णाला रुग्णालयात हलवावे.

ज्यांची कमतरता सिद्ध झाली आहे त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्यातून एकदा किलोमागे ०.७५ मिलिग्रॅम, अशी आठ आठवडे मात्रा सुचवली आहे. तीही वैद्यकीय देखरेखीखालीच. दोन मात्रांमध्ये आठवड्याचे अंतर असल्याने फुटलेल्या म्हाताऱ्या पेशींची जागा नव्या पेशी घेऊ शकतात. अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळालेल्या टॅफेनोक्विनची एकच मात्रा पुरते, ही त्याची सोय आहे आणि तीच त्याची अडचणही, कारण ते शरीरात कित्येक दिवस रेंगाळते आणि एकदा गिळले की मागे घेता येत नाही. त्यामुळे ते देण्याआधी विकराची क्रियाशीलता ७० टक्क्यांहून अधिक असल्याचे मोजून पाहावेच लागते.

जिथे हिवताप फार, तिथेच ही कमतरता का टिकून राहिली, असेही आपण विचारले आहे. १९६९ साली नायजेरियातील इबादान येथे लुझ्झाट्टो आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच शरीरात बाळगणाऱ्या स्त्रियांचे रक्त तपासले, तेव्हा घातक हिवतापाचे परोपजीवी कमतरता असलेल्या पेशींपेक्षा निरोगी पेशींत अधिक सापडले. परोपजीवीलाही दुबळी पेशी मानवत नाही. असे संरक्षण नेमके कोणाला आणि किती मिळते, यावर संशोधकांत अजून वाद आहेत.

प्रश्न : मला तापानंतर अचानक रक्तक्षय झाला. रुग्णालयात जी६पीडी ‘नॉर्मल’ आले. चार महिन्यांनी दुसऱ्या प्रयोगशाळेत ‘कमी’ आले. शिवाय हा आजार स्त्रियांना होत नाही असेही ऐकले. कोणावर विश्वास ठेवू? — एक वाचिका, दादर, मुंबई

उत्तर : दुसऱ्या अहवालावर. पेशीनाशाच्या ऐन भरात केलेली तपासणी फसवी असते. विकर संपलेल्या पेशी तोवर फुटून गेलेल्या असतात आणि अस्थिमज्जेतून घाईने आलेल्या कोवळ्या पेशींत विकर सर्वाधिक असते, त्यामुळे आकडा चांगला दिसतो. बाहेरचे रक्त चढवले असेल तर निम्मी तपासणी रक्तदात्याचीच होते. म्हणून सुमारे तीन महिन्यांनी ती पुन्हा करतात आणि आपल्या बाबतीत ते आपसूक घडले.

स्त्रियांविषयी ऐकलेले अर्धेच खरे आहे. या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. पुरुषाकडे एकच एक्स, त्यामुळे तो सदोष असला की कमतरता पूर्ण. स्त्रीच्या दोन एक्सपैकी प्रत्येक पेशीत एकच कार्यरत राहतो आणि कोणता, हे गर्भावस्थेत दैवगतीने ठरते. एकच सदोष जनुक असलेल्या स्त्रीच्या रक्तात त्यामुळे दोन जातींच्या पेशी एकत्र नांदतात. कोणाकडे निम्म्या-निम्म्या, कोणाकडे बहुतेक सदोष. निळ्या रंगाचा द्राव रंगहीन होतो का, किंवा अतिनील प्रकाशात ठिपका चमकतो का, हे पाहणाऱ्या साध्या चाचण्या क्रियाशीलता ३० टक्क्यांखाली असली तरच ती खात्रीने पकडतात. अशा अनेक स्त्रिया त्यांतून ‘नॉर्मल’ म्हणून निसटतात. स्त्रियांनी हिमोग्लोबिनच्या ग्रॅममागे एकके सांगणारी मोजणीची चाचणीच मागावी. आपल्या मुलग्यांत हे जनुक उतरण्याची शक्यता निम्मी. ज्या पुरुषात कमतरता आहे त्याच्या सर्व मुलींत ते जाते आणि मुलग्यांत जात नाही.

मुंबईने या विषयाला बरेच दिले आहे. पारशी समाजातील या कमतरतेवर बक्षी, संघवी आणि सहकाऱ्यांनी १९६३ सालीच लिहिले होते. परळच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीतील संशोधकांनी पुढे देशभरच्या नमुन्यांवरून दाखवले की भूमध्यसागरी, केरळ-कल्याण आणि ओरिसा हे तीन प्रकार मिळून भारतातील नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणे होतात, आणि कमतरतेचे प्रमाण समाजागणिक शून्यापासून २७ टक्क्यांपर्यंत बदलते. यांतले ‘केरळ’ आणि ‘कल्याण’ हे आधी दोन निराळे प्रकार समजले जात. जनुक वाचल्यावर दोन्हींत एकच बदल निघाला.

प्रश्न : मला ही कमतरता आहे आणि आता मधुमेहही निघाला आहे. ‘तीन महिन्यांची साखर’ नेहमी छान येते, पण घरच्या यंत्रावर आकडे वाढलेले दिसतात. — एक वाचक, नाशिक

उत्तर : घरच्या यंत्राचे खरे माना. एचबीए१सी ही चाचणी हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली ते मोजते आणि पेशी सुमारे १२० दिवस जगली असे गृहीत धरते. आपल्या पेशी त्याहून लवकर मोडत असतील तर साखर चिकटायला अवधीच कमी मिळतो आणि आकडा खोटा उतरतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय जनुकीय अभ्यासात आफ्रिकी वंशाच्या, सदोष जनुक असलेल्या पुरुषांत हा आकडा सुमारे ०.८ ने कमी आढळला. ७.४ च्या जागी ६.६ दिसणे म्हणजे उपचार वाढवण्याचा निर्णय लांबणीवर पडणे. तो अभ्यास आपल्याकडच्या प्रकारांचा नसल्याने ०.८ ची बेरीज स्वतःच करू नका. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर नियमित मोजा, आणि डॉक्टरांशी फ्रुक्टोसमीनविषयी बोला; ती चाचणी रक्तरसातील प्रथिनांवर आधारलेली असल्याने तांबड्या पेशींच्या आयुष्याशी तिचा संबंध नाही.

प्रश्न : मी जैवतंत्रज्ञानाची विद्यार्थिनी आहे. या विकराचा संशोधनात रक्तापलीकडे काही उपयोग झाला का? — कोल्हापूर

उत्तर : पुष्कळ, आणि तोही बहुतेक वेळा साक्षीदार म्हणून. स्त्रीच्या शरीरात दोन जातींच्या पेशींचे मिश्रण असते, हे माणसात दाखवताना बॉयटलर यांनी १९६२ साली याच विकराचा आधार घेतला. मग कल्पना पुढे सरकली : गाठ जर एकाच पेशीपासून वाढलेली असेल, तर तिच्यात विकराची एकच जात सापडायला हवी. लिंडर आणि गार्टलर यांनी १९६५ साली विकराच्या ‘ए’ आणि ‘बी’ या दोन्ही जाती बाळगणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशयातील गाठी तपासल्या. आसपासच्या स्नायूत दोन्ही जाती होत्या, प्रत्येक गाठीत मात्र एकच.

सर्वांत गाजलेली साक्ष त्यानंतरची. १९६६ साली पेनसिल्व्हेनियातील बेडफर्ड येथे पेशीसंवर्धकांच्या परिषदेत स्टॅन्ली गार्टलर यांनी सांगितले की वेगवेगळ्या रुग्णांच्या, वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून जगभर वापरल्या जाणाऱ्या अठरा पेशीमालिकांत (प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या पेशींत) त्यांना जी६पीडीची ‘ए’ हीच जात आढळली. ही जात आफ्रिकी वंशाच्या लोकांतच सापडते आणि त्यांतल्या काही मालिका तर गोऱ्या रुग्णांच्या नावावर होत्या. हेनरिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गाठीतून १९५१ साली बाल्टिमोरला वाढवलेल्या हेला पेशींत ही जात होती, आणि त्या अत्यंत जोमदार पेशींनी इतरांच्या बश्यांत घुसून मूळच्या पेशी हुसकावून लावल्या होत्या. यकृताच्या किंवा आतड्याच्या समजून केलेले वर्षानुवर्षांचे प्रयोग एका विकराच्या जातीने संशयास्पद ठरवले. सभागृहात हे कोणाला रुचले नाही आणि त्यातले बरेच जण पुढेही त्याच पेशी वापरत राहिले, यात मला काही नवल वाटत नाही.

प्रश्न : हे विकर वाढवणारे औषध आहे का? — सोलापूर

उत्तर : दवाखान्यात मिळणारे नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली एजी१ नावाचा एक लहान रेणू प्रसिद्ध केला. तो सदोष विकराच्या जोड्या स्थिर करून त्याचे काम सुधारतो, पण ते सर्व प्रयोगशाळेतले आहे. त्याआधी २०१६ साली स्पेनमधील एका गटाने हे विकर अधिक प्रमाणात असलेले उंदीर तयार केले होते आणि त्यांतील माद्यांचे आयुष्य सुमारे १४ टक्क्यांनी वाढले. दुसरीकडे अनेक कर्करोगांच्या पेशी हेच विकर भरपूर वापरताना दिसतात, कारण भराभर वाढायला त्यांनाही एनएडीपीएच लागते. ‘जी६पीडी वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी चूर्णे घेऊ नयेत. त्यांत काय असते हे कळत नाही आणि कमतरता असलेल्या माणसाला अज्ञात द्रव्य परवडत नाही.

प्रश्न : मला रक्तदान करता येईल का? — पणजी

उत्तर : आपल्याला पूर्वी पेशीनाशाचा झटका येऊन गेला असेल तर करू नये. तसे काही झालेले नसेल आणि हिमोग्लोबिन पुरेसे असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार आडकाठी नाही. फक्त रक्तपेढीच्या अर्जावर ही कमतरता स्पष्ट लिहावी, म्हणजे ती पिशवी नवजात बाळाचे रक्त बदलण्यासाठी वापरली जाणार नाही.